कॅनॉल म्हणजे दर वेळी कालवाच नव्हे

तुमच्या भाषांतरात 'कॅनॉल' सात ठिकाणी आलाय, शब्दकोश कालवा, पाट, नहर, चर, नळी असे पर्याय देतो आणि तुम्ही विचारताय की सरसकट 'कालवा' लिहिलं तर चालेल का. नाही चालणार. तुम्ही पाठवलेल्या सातपैकी फार तर तीन वाक्यांत चालेल.

आधी इंग्रजीतली गंमत. 'कॅनॉल' आणि 'चॅनल' हे दोन्ही शब्द एकाच लॅटिन 'कानालिस'चे. एक लॅटिन रूपाजवळ राहिला, दुसरा जुन्या फ्रेंचमधून बदलून आला. पण कॅनॉल म्हटलं की खोदणारा आला, चॅनल आपोआपही झालेला असू शकतो. १८७७ साली स्किआपारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाला मंगळावर रेघा दिसल्या. त्यांना तो 'कानाली' म्हणाला. इटालियनमध्ये तो शब्द दोन्हींना चालतो, इंग्रजीत मात्र 'कॅनॉल' झाला. मग पर्सिव्हल लोवेल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १८९४ पासून ॲरिझोनातल्या वेधशाळेतून त्या रेघांचे नकाशे काढले आणि ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी वाळवंटात नेणारे मंगळवासी उभे केले. रेघा शेवटी नजरेचा भास निघाल्या. एका पर्यायी शब्दाने केवढी वस्ती वसवली पाहा!

आपल्या 'कालव्या'लाही खोदणारा लागतो. आपोआप झाला तो ओढा, ओहोळ किंवा नाला. म्हणून सुएझचा कालवा बरोबर, पनामाचाही बरोबर, आणि 'इंग्लिश चॅनल' मात्र इंग्लिश खाडी.

आता शेताकडे. इथे मराठीजवळ इंग्रजीपेक्षा बारीक वाटणी आहे. कालवा म्हणजे धरणातून निघणारा, सरकारी, मोठा. नीरा डावा कालवा, मुठा उजवा कालवा. (डावं-उजवं नदी वाहत जाते त्या दिशेला तोंड करून ठरतं, नकाशा बघून लिहिणारे इथे हमखास चुकतात.) त्यातून शाखा कालवा, मग वितरिका, मग शेतचारी ही पाटबंधारे खात्याची भाषा. गावात कालव्याला 'कॅनॉल'च म्हणतात आणि वितरिकेला चारी. 'चारीला पाणी आलं' हे वाक्य कुणाला समजवावं लागत नाही.

पाट हा माझा आवडता शब्द. विहिरीवर मोट होती तेव्हा ती थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठच्या कुंडात, रिकामी व्हायची आणि थारोळ्यातून पाणी पाटाने मळ्यात जायचं. जुन्या महसुली कागदांत मोटेवर भिजणारी जमीन मोटस्थळ आणि पाटावर भिजणारी पाटस्थळ. मोट गेली, पण 'रक्ताच्या थारोळ्यात' आणि 'रक्ताचे पाट' रोजच्या पेपरात आहेत, आणि लिहिणाऱ्याने थारोळं पाहिलेलं नसतं. घामाचे पाट वाहतात, कालवे वाहत नाहीत. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून पाणी वापरायच्या पद्धतीत, पाणी वाटून देणारा तो पाटकरी. त्याला 'कालवेकरी' करून बघा, कानाला कसं लागतं ते. पाटाहून लहान, वाफ्यांपर्यंत पाणी नेणारा तो दंड, आणि उसात सरी.

'नहर' हिंदी वाटते म्हणून खोडायची घाई करू नका. छत्रपती संभाजीनगरबद्दल लिहिताना नहरच लिहा. मलिक अंबरने सतराव्या शतकात करवलेली नहर-ए-अंबरी किंवा पाणचक्कीला पाणी आणणारी नहर जमिनीखालून येते. कालवा म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे उघडं पाणी येतं.

शरीरातल्या कॅनॉलला पाण्याचा शब्द नको. कानाची ती कर्णनलिका. पण पचनाच्या कॅनॉलला 'अन्ननलिका' करताना जपा: पाठ्यपुस्तकात काहीही असो, बोलताना लोक घशापासून जठरापर्यंतच्या नळीलाच अन्ननलिका म्हणतात, तेव्हा पचनमार्ग लिहा. दाताचं रूट कॅनॉल तसंच राहू द्या. टीव्हीच्या चॅनलला वाहिनी ठीक (काना तेवढा सांभाळा, नाहीतर 'नवी वहिनी सुरू' होते). कार्यालयातलं 'प्रॉपर चॅनल' म्हणजे 'योग्य मार्गाने'.

आणखी एक. साताऱ्या-सांगलीकडे 'कालवा' म्हणजे गोंगाटसुद्धा. 'काय कालवा लावलाय रं' असं कुणी म्हणालं तर तिथे पाणी शोधू नका. कोकणातली कालवं म्हणजे शिंपल्यातले जीव, ती तर थेट खडकावरून फोडून खायची.

आता तुमचं सहावं वाक्य. 'रात्री शेतकऱ्याने कालवा उघडला' असं तुम्ही केलंय. कालवा शेतकरी उघडत नाही, तो धरणावरून सुटतो. शेतकरी रात्री बॅटरी घेऊन जातो, खोऱ्याने माती ओढून भरलेल्या वाफ्याचं तोंड बुजवतो, पुढच्याचं फोडतो आणि पाणी टोकाला जाईपर्यंत बांधावर बसतो. त्याला दारं धरणं म्हणतात. तेव्हा त्या वाक्यातून कॅनॉल काढूनच टाका: 'रात्री तो दारं धरायला गेला.' वाचक शहरी असतील आणि धास्ती वाटत असेल, तर 'उसाला पाणी द्यायला गेला' लिहा.