मेण, मोम आणि ‘मधमेण’

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलंय: सागवानी देव्हाऱ्याला लावायला मेण मागितलं की दुकानदार मेणबत्तीच्या पांढऱ्या वड्या पुढे करतो. मग ‘मधमेण’ म्हणावं का?

मुळीच नको. मेण म्हणजे मधमाशांचंच. वड्यांतलं ते पॅराफिन, खनिज तेलातलं. त्याला नाव मिळालं तेच १८३० च्या सुमारास. उपरा घरात शिरला म्हणून घरच्यानं नाव का बदलावं? जुने गोव्याच्या फेस्तात विकतात ते नवसाचे ‘मेणाचे’ हात-पायसुद्धा आता बहुतेक पॅराफिनचेच.

आणि मेण हे फारसी ‘मोम’वरून आलं असं ठासून सांगणाऱ्यांनी ‘म’चा ‘ण’ कसा झाला, तेवढं सांगून टाकावं! संस्कृतात मेणाला ‘मदन’ म्हणतात. मदन, मयण, मेण. मधला ‘द’ गळाला आणि एकार आला. ‘कदली’चं ‘केळ’ झालं ते असंच. जुन्या हिंदीतही ‘मैन’ आहेच. आता, ऊब लागताच विरघळतं म्हणून त्याला कामदेवाचं नाव पडलं, असं माझं मत. कोशकार दोन मदन वेगळे मानतात, मानोत बापडे. दुसरं नाव तर याहून गोड: ‘मधूच्छिष्ट’, मधाचं उष्टं. मेणाचा साचा करून मूर्ती ओतण्याच्या विधीला शिल्पशास्त्रात ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. (बसायचा ‘मेणा’ मात्र खरोखरच फारसी, ‘मियाना’वरून. मेणकापडाशी त्याचं नातं लावू नये.)

पारख पिंजरीच्या, म्हणजे कुंकवाच्या, करंड्यातली. खरं मेण बोटाच्या उबेनं मऊ होतं, कपाळाला धरतं, वर पिंजर नीट बसते. पॅराफिनचे कपचे पडतात. खऱ्या मेणाच्या जुन्या वडीवर पांढुरकी भुकटी येते ती बुरशी नव्हे. कोमट फडक्यानं पुसली की जाते.

हां, देव्हारा. १०० ग्रॅम मेण किसून स्टीलच्या भांड्यात घाला, ते भांडं गरम पाण्यात ठेवा. ६३ अंशांच्या आसपास मेण वितळतं. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ते काळवंडतं. चूल विझवून मगच ३०० मिलि टर्पेंटाइन ओता, ते पेट घेतं. गार झालेला लगदा अगदी पातळ चोळा, अर्ध्या तासानं सुती कापडानं घासा. जाड थर दिला तर पावसाळाभर चिकट राहतो आणि उदबत्तीची राख धरून बसतो. मेण दुकानात मिळालं नाही तर मधपाळाकडे ‘पोळ्याचं मेण’ मागा, गाळलेलं आहे ना ते विचारून.