गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडून पानं पिवळी होऊन गळतायत, हा कोणता रोग?

हा बहुतेक 'काळे ठिपके' हा बुरशीजन्य रोग, बुरशीचं नाव डिप्लोकार्पन रोझी. खात्रीसाठी डागाची कड नीट बघा: ती सरळ नसते, पिसासारखी फाटलेली दिसते. डाग पानाच्या वरच्या बाजूला, सुरुवात खालच्या पानांपासून. पांढरी पूड असेल तर भुरी, पानाखाली नारिंगी पुटकुळ्या असतील तर तांबेरा.

पान सलग सातेक तास ओलं राहिलं की ही बुरशी शिरते, म्हणून पावसाळ्यात जोर. संध्याकाळी पानांवर पाणी मारणं आजच थांबवा, सकाळी बुंध्याशी घाला. डागाळलेली आणि गळलेली पानं वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. मग उघडीप बघून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरभर पाण्याला २ ग्रॅम, फवारा. डागाळलेलं पान परत हिरवं होत नाही, नवी पालवी स्वच्छ येतेय का ते बघा.