वेग भरपूर, तरी कॉल का अडखळतो?

वाचकांचे प्रश्न : घरचे ब्रॉडबँड

प्रश्न : आमचा १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. स्पीड टेस्ट केली की ९० च्या वरच आकडा येतो. तरी संध्याकाळी ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, चित्र गोठते. कंपनीचा माणूस म्हणतो, २०० चा प्लॅन घ्या. घ्यावा का? (नाशिक)

उत्तर : आत्ता घेऊ नका. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, ते तुमच्याकडे आहेतच. तुमची अडचण पॅकेटला, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्याला, जाऊन यायला लागणाऱ्या वेळेची, म्हणजे लेटन्सीची दिसते. स्पीड टेस्टच्या सुरुवातीला दिसणारा पिंग, म्हणजे याच वेळेचा मिलिसेकंदांतला आकडा, लाइन मोकळी असतानाचा असतो. कॉल मात्र घरातले सगळे नेट वापरत असताना चालतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि त्याचे वायफाय बंद करा. हे केले नाही तर पुढच्या आकड्यांतून काहीच कळणार नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत ‘पिंग -टी’ आणि पुढे राउटरचा पत्ता द्या. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, ‘आयपीकॉन्फिग’ आज्ञा दिली की ‘डीफॉल्ट गेटवे’समोर सापडतो. दुसरीत तीच आज्ञा १.१.१.१ या, बाहेर इंटरनेटवरच्या सर्व्हरच्या पत्त्यासाठी द्या. आज्ञा आणि आकडे इंग्रजीतच टाइप करायचे. आता दोन मिनिटे पाहा. राउटरचा आकडा १ मिलिसेकंदाच्या आसपास आणि बाहेरचा ५ ते २० च्या दरम्यान स्थिर असेल, तर मोकळ्या लाइनमध्ये दोष नाही.

मग खरी परीक्षा. १ जीबीचा एखादा व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावा आणि दोन्ही खिडक्यांवर नजर ठेवा. राउटरचा आकडा जागचा हलला नाही, पण बाहेरचा १० वरून ३००-५०० वर गेला आणि अपलोड थांबवताच काही सेकंदांत खाली आला, तर निदान झाले. याला बफरब्लोट म्हणतात.

हे होते कसे? अपलोड लाइनच्या क्षमतेपेक्षा जास्त डेटा आला की राउटर तो टाकून न देता रांगेत धरून ठेवतो. अपलोड १० एमबीपीएस असेल आणि रांगेत १ एमबी साचला असेल, तर तो बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतो. तुमच्या आवाजाचे पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. आवाजाला एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो. त्यापुढे दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. रांग लांबली की अपलोड करणाऱ्याला काही जाणवत नाही, त्रास फक्त कॉलवाल्याला होतो. म्हणूनच हा दोष घरात वर्षानुवर्षे सापडत नाही.

घरात अपलोड कोण करते ते आधी बघा. फोनमधल्या फोटोंचा बॅकअप आणि क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवणारे सीसीटीव्ही हे नेहमीचे दोघे. २ एमबीपीएसचे चार कॅमेरे म्हणजे सतत ८ एमबीपीएस अपलोड. बॅकअप रात्री उशिरा ठेवा, कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरवर घ्या. बऱ्याच घरांत एवढ्यावरच भागते.

नाही भागले, तर राउटरमध्ये ‘एसक्यूएम’, म्हणजे रांग आखूड ठेवणारी सोय, लागते. ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ते मिळते. त्यात ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ ही रांग सांभाळण्याची पद्धत निवडा. केबलवर मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के मर्यादा घाला : अपलोड ४० मिळत असेल तर ३५. मर्यादा कमी ठेवण्याचे कारण असे की रांग तुमच्या राउटरमध्ये लागली तरच तिच्यावर तुमचा ताबा राहतो. मर्यादा ४० च ठेवली तर रांग पुढे कंपनीच्या यंत्रात लागते आणि सगळी खटपट वाया जाते. स्वस्त राउटरचा प्रोसेसर या कामाने दमतो, तेव्हा नंतर वेग पुन्हा मोजा. साध्या राउटरमधले ‘क्यूओएस’ बहुतेकदा फक्त कोणत्या उपकरणाला आधी वाट द्यायची एवढेच ठरवते. त्याने रांग आखडेलच असे नाही.

घरात कोणीच काही चढवत-उतरवत नसताना रात्री ८ ते ११ या वेळातच बाहेरचा पिंग वाढत असेल, तर गर्दी कंपनीच्या बाजूला आहे. जीपीओएन फायबरमध्ये, म्हणजे अनेक घरांत वाटल्या जाणाऱ्या फायबर जोडणीत, कंपनीच्या एका पोर्टचा सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि त्यापुढचा दुवाही सामायिकच असतो. तिथे तुमचा प्लॅन दुप्पट करून काही बदलणार नाही. सकाळी ७ आणि रात्री ९ वाजता, केबलवर, प्रत्येकी १०० पिंग नोंदवा आणि ते आकडे देऊन तक्रार करा. डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. दाद लागली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते.

प्रश्न : राउटर खाली, मुलाची खोली वरच्या मजल्यावर. गेममध्ये पिंग २५ असतो, मध्येच २०० होतो. (कोल्हापूर)

उत्तर : मधला स्लॅब हे कारण असण्याची शक्यता मोठी. त्याच खोलीतून, वायफायवर, राउटरला पिंग करा. तिथेच आकडा उड्या मारत असेल तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. जिन्यातून कॅट-६ केबल वर न्या. ती शुद्ध तांब्याची घ्या. सीसीए म्हणून मिळते ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. २०-३० मीटर लांबीने पिंगमध्ये फरक पडत नाही. जोडणीचा वेग १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दिसला, तर बहुधा आठपैकी एखादी तार कनेक्टरमध्ये नीट बसलेली नाही. टोक पुन्हा क्रिम्प करून घ्या. मेश राउटर, म्हणजे मिळून एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन नग, घेणार असाल तरी दोन नग केबलनेच जोडा. केबल शक्यच नसेल तर वायफायचा ५ गीगाहर्ट्झ पट्टा वापरा. तो वर पोहोचत नसेल तर २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांतला सर्वांत मोकळा निवडा.

प्रश्न : ट्रेसर्टमध्ये (वाटेतल्या प्रत्येक यंत्रापर्यंतचा वेळ ओळीओळीने दाखवणारी आज्ञा) चौथ्या ओळीत तारे येतात आणि पाचवीत १८० मिलिसेकंद. शेवटची ओळ १४. लाइन खराब आहे का? (पनवेल)

उत्तर : नाही. मधली यंत्रे पॅकेट पुढे ढकलण्याचे काम आधी करतात, ट्रेसर्टला उत्तर देणे सवडीने किंवा अजिबातच नाही. वाढलेला आकडा तिथून शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा. शेवटी १४ येत असताना तक्रार केलीत तर ती बंद होईल, आणि तसे करणे रास्तच ठरेल.

प्रश्न : घरून न्यू यॉर्कच्या सर्व्हरवर काम करते. पिंग २१०. कोणते कनेक्शन घेतल्यास ५० होईल? (पुणे)

उत्तर : कोणतेही नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-न्यू यॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. नुसते जाऊन यायलाच १२५ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे २०० च्या आसपासचा आकडा निर्दोष लाइनचाच आहे. फाइल आपल्या यंत्रावर उतरवून काम करा आणि शेवटी परत पाठवा. किंवा ऑफिसकडे मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये आभासी डेस्कटॉप, म्हणजे घरून दुरून वापरायचा संगणक, मागा. मात्र तुमच्या फाइल आणि डेटाबेसही तिथेच ठेवायला सांगा, नाहीतर प्रत्येक फाइल उघडताना तोच उशीर परत येईल.