चाळीस पोरं आणि तीन बॉल असतील तर कुठून सुरू करायचं

मॅडम, व्हॉलीबॉल शिकवायला सातवी-आठवीची चाळीस पोरं, बॉल तीनच, अंडरहँड (दोन्ही हात जोडून खालून) मारला की बॉल डोक्यावरून मागे जातो आणि हात लाल होतात म्हणून मुली खेळायला तयार नाहीत, असं तुम्ही लिहिलंय, तर सगळ्यात आधी बॉलमधली हवा बघा. बऱ्याच शाळांत बॉल फुटबॉलसारखा टणक फुगवून ठेवतात, व्हॉलीबॉलला जेमतेम 0.30 ते 0.325 किलो प्रति चौरस सेंटिमीटर प्रेशर लागतं, अंगठ्याने दाबल्यावर जरासा दबला पाहिजे. हवा कमी करा, निम्मी कुरकुर तिथेच बंद होईल.

आता मागे का जातो, तर पोरं कोपरात वाकून हात वर झोकतात. अंगठे शेजारी-शेजारी, मनगटं खाली दाबलेली, कोपरं ताठ आणि बॉल मनगटाच्या चार बोटं वर, जिथे हात सपाट असतो तिथे लागायला हवा, जोर गुडघ्यातून. हे तोंडाने कितीही सांगा, कळत नाही, म्हणून मी पहिले काही दिवस मारूच देत नाही. समोरच्याने बॉल टाकायचा, ह्याने पळत जाऊन तो गुडघ्यांसमोर नुसता झेलायचा, बास. कारण खरी गडबड पायात असते हो, पोरगं जागेवरच उभं राहतं आणि हात लांब करतं. पाय वेळेवर पोचायला लागले की त्याच जागी हात जोडायला सांगा.

नेटचं म्हणाल तर 2.43 आणि 2.24 मीटर ही मोठ्या पुरुष-बायकांची उंची, ह्या वयाला ती लावून काय उपयोग? मी तर नेटच काढतो, कोर्टच्या 18 मीटर लांबीला सरळ दोरी बांधतो, साधारण दोन मीटरवर, म्हणजे एकाच वेळी चार-पाच ठिकाणी खेळ चालतो. बॉल पुरणार नाहीत, तर पुण्याच्या तुळशीबाग बाजारातून प्लॅस्टिकचे मोठे हलके बॉल आणा, डबल फिंगर (डोक्यावर दोन्ही हातांच्या बोटांनी बॉल उचलणं) शिकवायला ते उलट बरे, हळू खाली येतात आणि बोटं मुरगळायची भीती नाही. कपाळावर बोटांचा त्रिकोण करून त्यातून बॉल बघायचा, तळव्याचा फटाक आवाज आला की चुकलं.

सर्व्हिस अंडरआर्मच (खालून हात फिरवून), आणि तीही मागच्या लाईनवरून नको, नेटपासून तीन मीटरच्या लाईनवरून सुरू करा, दहातल्या सात-आठ पलीकडे गेल्या की दोन पावलं मागे. बॉल उंच उडवू देऊ नका, हातातून सुटला की लगेच मारायचा.

स्मॅश, म्हणजे उडी मारून वरून जोरात फटका? सगळ्यांना तोच हवा असतो, शेवटची पाच मिनिटं द्या, नाहीतर उद्या कोणी येणार नाही 😄 पण मॅचमध्ये तीन टच झाल्याशिवाय पॉइंट नाही असा घरचा नियम ठेवा, आणि सुरुवातीला एक टप्पा चालेल म्हणा. 14 वर्षांखालच्या शालेय स्पर्धेला टीम पाठवायची घाई असेल तरी हे सोडू नका.

पावसात ग्राउंडवर चिखल झाला की हॉलची भिंत वापरा. अंगठ्या, कडी, घड्याळं आधी काढून ठेवायला लावा, नखंही बघा.