चुंबकानं गाठीपर्यंत ओढून नेतात ते हळदीचं कॅन्सरवरचं औषध कुठं मिळंल?

कुठंच नाही मिळत. काकूंसाठी विचारलंय तुम्ही म्हणून आधी हेच सांगतो, कुणी देतो म्हणत असंल तर एक रुपया देऊ नका.

मी नांदेडला एमएस्सी केमिस्ट्रीला हाच प्रोजेक्ट केलता. गाव वसमतकडं, हळद दारातच शिजते, म्हणून सरांनी विषय गळ्यात मारला. हळदीत कर्क्युमिन, म्हणजे ज्याचं औषध करू बघतेत तो पिवळा घटक, जेमतेम 2 ते 5 टक्के, पाण्यात विरघळत नाही, रोज 8 ग्रॅम नुसतं कर्क्युमिन खाल्लं तरी रक्तात नावालाच सापडतं. मग त्याला गाडी पाहिजे. लोखंडाचे दोन क्षार मिसळून वरून अमोनिया सोडला की बीकरात काळाकुट्ट गाळ बसतो, ते मॅग्नेटाइट. कण 10-15 नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), चुंबक जवळ असेपर्यंतच ओढले जातेत, चुंबक काढलं की त्यांचं चुंबकपण संपलं, त्यामुळं एकमेकाला चिकटून गोळा व्हायची भीती कमी. वरून कायटोसानचा लेप, म्हणजे झिंग्या-खेकड्याच्या कवचापासून करतेत ते, अन् त्या लेपात कर्क्युमिन. गाठीभोवती रक्तापेक्षा जरा आंबटपणा जास्त असतो, तिथं लेप फुगतो अन् औषध सुटतं.

पहिल्यांदा चुंबक लावलं तर सगळा काळा माल काचेला जाऊन चिकटला, मी लगेच व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला. सर म्हणले, आता चार बोटं लांब धर. काहीच हाललं नाही. खरी गोम इथंच हाय, चुंबकाची ओढ अंतरानं झपाट्यानं कमी होते, गाठ पोटात खोल असली तर बाहेरून धरून काय उपयोग, त्यात रक्त वाहतं अन् बरेच कण लिव्हर न प्लीहाच गिळून टाकतेत. 1996 ला जर्मनीत 14 पेशंटवर असा प्रयोग झालता, तेही औषध झाडाचं नव्हतं, अन् तिथंबी काही कण लिव्हरमधी गेलेच.

झाडाची औषधं मात्र दवाखान्यात कधीचीच हायेत. व्हिन्क्रिस्टिन आपल्या सदाफुलीतलं, पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या यू झाडाच्या सालीतलं. पॅक्लिटॅक्सेलचे तर अल्ब्युमिनमधले (रक्तातलं एक प्रथिन) नॅनो कण 2005 पासून मिळतेत, बिना चुंबकाचे. पण म्हणून घरी सदाफुलीची पानं चावायला देऊ नका बरं का, विषारी असतेत. अन् हळदीच्या कॅप्सूल चालू असतील तर डॉक्टरला सांगा, केमोच्या औषधात आड येऊ शकतेत.

काकूंच्या केमोच्या कागदावर औषधाचं नाव काय लिहिलंय ते कळवा, झाडाचं हाय का नाही तेवढं सांगतो.