न बोलणाऱ्या वडिलांविषयी लिहिताना

प्रश्न : माझे वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील गावी. गणपती आणि शिमगा सोडल्यास ते दिसत नसत. १९८२ च्या संपात, मी अकरा वर्षांचा असताना, ते कायमचे घरी आले. पण पुढे मरेपर्यंत त्यांनी मला कधी जवळ बसवले नाही. दर जूनमध्ये नवी कंपासपेटी मात्र न बोलता कोनाड्यात ठेवलेली असे. आता आठवणी लिहायला घेतल्या, तर प्रत्येक पान तक्रारीचे होते. आई म्हणते, गेलेल्या माणसाविषयी असे लिहू नये. मी काय करावे?
– एक वाचक

उत्तर : तक्रार खोडू नका, ती खरी आहे. तुम्ही ‘कायमचे घरी आले’ असे लिहिता. त्या दिवशी हे त्यांना ठाऊक नसावे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते आणि तो रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीर झालेच नाही, त्यामुळे आपली नोकरी गेली की नुसती थांबली आहे, हे गावी परतलेल्या माणसाला स्वतःलाही सांगता येत नव्हते. ती अनिश्चितता तुमच्या पानांवर यायला हवी. मात्र सगळा दोष संपाच्या माथी मारू नका. त्याच गिरण्यांतून परतलेले कितीतरी बाप मुलांना खांद्यावर बसवून पालखी पाहायला नेत होते. कारण कळले म्हणून तुम्ही माफ केलेच पाहिजे, असे कोणी तुमच्याकडे मागू शकत नाही.

कंपासपेटीचा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तोच बिघडण्याची भीती अधिक आहे, कारण ‘त्यांचे प्रेम मुके होते’ असे लिहिण्याचा मोह तिथेच होईल. पन्नाशीनंतर सुचलेला हा अर्थ अकरा वर्षांच्या मुलाच्या मनात घालू नका. पेटी हातात दिली नाही याचा त्याला राग आला, की त्याने ती मुकाट्याने दप्तरात टाकली, तेवढेच लिहा.

आईंकडे परवानगी नव्हे, माहिती मागा. मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशासाठी जी इवलीशी जागा असे, तिथे ते स्वतः काही लिहीत का, आणि तुमचे नाव त्यात कधी आले का, हे विचारा. ते कागदाचे तुकडे पुष्कळ घरांत पत्रांबरोबर तारेत ओवून ठेवलेले असत. तुमच्याकडे ती तार अजून असेल, तर लेखन थांबवून आधी ती खाली उतरवा.