काळ्याचा पिवळा होईल का?

प्रश्न : माझा काळा सुती कुर्ता उन्हात वाळत घालून विटला आहे. कापड अजून दणकट आहे, म्हणून तो हळदी रंगात रंगवायचं मनात आहे. आतल्या दुमडीवर ब्लीचचे थेंब टाकून पाहिले, तर डाग पांढरा न होता विटकरी झाला. अजून ब्लीच घालू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नका घालू, ताई. दुमडीवर करून पाहिलंत हे फार बरं केलंत. बाकीची मंडळी अख्खा कुर्ता बादलीत बुडवतात आणि मग आम्हाला पत्र लिहितात.

बाजारातला काळा बहुधा एकटा नसतो. गर्द निळ्यात नारिंगी किंवा लाल मिसळून तो जमवलेला असतो. त्यातला एक लवकर उतरतो, दुसरा चिवटपणे मागे राहतो. तुमचा विटकरी डाग त्याचाच. त्याच्या मागे लागून ब्लीच वाढवलंत तर रंगाआधी सूत जाईल. आणि ब्लीचचा जोर मारायला वरून व्हिनेगर ओतायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. साध्या पाण्याने खळखळून धुवा, मग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ पाण्यातून काढा.

सोलापूरला सुताच्या रंगखात्यात होतो तेव्हा बिघडलेला माल उतरवायला आम्ही हायड्रोस वापरायचो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. रंग-रसायनांच्या दुकानात सुटं मिळतं. स्टीलचं जुनं पातेलं घ्या. अ‍ॅल्युमिनियम नको, सोडा त्याला खातो. हाताला वाफ सोसवणार नाही इतकं पाणी तापवा, लिटरमागे 5 ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवा, मग तितकंच हायड्रोस. पूड पाण्यात टाकायची, पुडीवर पाणी उडवायचं नाही. ओलसर राहिलेलं हायड्रोस आपोआप तापून पेट घेऊ शकतं. खिडक्या सताड उघड्या ठेवा, घरात दम्याचं माणूस असेल तर हा उद्योग गॅलरीत करा. हातमोजे हवेतच. ब्लीच आणि हायड्रोस एका भांड्यात कधीच नको.

कापड ओलं करून आत सोडलं की बघत राहा. काळा आधी जांभळट होतो, मग मातकट, आणि बरेचदा फिक्या बदामी रंगावर येऊन थांबतो. तिथे आपणही थांबायचं. कापड पिवळसर हिरवं दिसलं आणि बाहेर काढताच वारा लागून पुन्हा निळं पडलं, तर ती नीळ किंवा तिच्या जातीचा रंग. तो हायड्रोसला कायमचा दाद देत नाही.

आता तुमच्या हळदीचं. बदामीवर पिवळा चढवलात तर फार तर मोहरीच्या फोडणीचा रंग येईल, लख्ख हळदी नाही. मी असतो तर मरून घेतला असता. शिवण बहुधा पॉलिस्टरच्या दोऱ्याची असते, ती ना उतरते ना रंगते. मरूनवर काळी शिवण मुद्दाम घातल्यासारखी शोभते.

रंग घ्याल तो थंड पाण्यातला रिअ‍ॅक्टिव्ह घ्या. हे रंग 1956 साली बाजारात आले आणि सुती धाग्याशी रासायनिक गाठ बांधतात, म्हणून टिकतात. आधी हायड्रोस पूर्ण धुऊन काढा, नाहीतर ते नवा रंगही खाईल. पाव किलोच्या कुर्त्याला 5 लिटर पाणी, गडद मरूनला 10 ग्रॅम रंग, पाव किलो मीठ. अर्धा तास हलवत राहा. मग वेगळ्या भांड्यात विरघळवलेला 75 ग्रॅम सोडा कुर्ता बाजूला सारून थोडा थोडा घाला, पुढे तासभर. सोडा पडल्यावर रंग पाण्याशीही जुळतो आणि निकामी होतो, तेव्हा उरलेलं पाणी उद्याच्या ओढणीसाठी झाकून ठेवू नका. शेवटी गार पाण्यात दोनदा-तीनदा खंगाळून साबणाच्या उकळत्या पाण्यातून काढा. हा टप्पा टाळलात तर पहिल्या पावसात गळ्याशी मरून ओघळ उतरतील.

प्रश्न : नव्या लाल सुती साडीचा रंग जातो. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवून पक्का होईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमाच्या रंगांना, सुताला नाही. मिठाने त्या बादलीपुरता रंग कमी सुटतो, एवढंच. गार पाण्यात वेगळी धुवा, भिजत ठेवू नका, आणि पिळा करून ओली ठेवू नका; काठाचा लाल अंगावर उतरतो तो तिथेच.